बारा आकड्यांचा सूर

"काका, ती पेटी बाहेरच ठेवा. आत जागा नाही."

डोळ्यांच्या दवाखान्यात नावं लिहून घेणाऱ्या मुलीने मान वर न करता सांगितलं. भोंग्याने पेटी पोटाशी आणखी घट्ट धरली.

"डॉक्टरीणबाईंनीच आणायला सांगितलीय."

"काय आहे त्यात?"

"ट्रम्पेट."

आता मुलीने मान वर केली. तिने पेटीकडे पाहिलं, भोंग्याकडे पाहिलं आणि मग त्याच्या बायकोकडे पाहिलं.

"खरंच सांगितलंय हो," बायको म्हणाली. "वाजवून दाखवायचंय."

बाकावर सात-आठ जण डोळ्यांत थेंब घालून, डोळे मिटून ओळीने बसले होते. त्यांतला एक म्हातारा डोळे न उघडताच म्हणाला, "चांगलंय की. दिसत नाही तर नाही, ऐकू तरी येईल."

सगळे हसले. भोंगाही हसला. बायकोला मात्र हसू आलं नाही. सकाळपासून नवऱ्याने ट्रम्पेट तीनदा पुसलं होतं आणि चहाचा कप भरलेलाच ठेवला होता, हे तिने पाहिलं होतं.

भोंगा हे अर्थातच आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पालिकेच्या बँडमध्ये तो एकतीस वर्षं पहिलं ट्रम्पेट वाजवत होता. दर रविवारी संध्याकाळी बागेतल्या गोल चौथऱ्यावर बँड बसायचा. तासाभराने शेवटची धून यायची आणि तिच्या अखेरीस एक उंच सूर. तिथे बाकीचे सगळे थांबत, ढोलवाला काठ्या मांडीवर ठेवी, आणि भोंगा एकटा तो सूर बारा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवी. सूर थांबला की बागेचा रखवालदार गेट ओढायला घेई. रखवालदाराच्या मनगटावर घड्याळ होतं, पण तो म्हणे, "घड्याळ मागेपुढे होतं. भोंगा होत नाही." तेव्हापासून हे नाव पडलं ते पडलं. बँडमास्तरही त्याला त्याच नावाने हाक मारत आणि पगाराच्या दिवशी खरं नाव पुकारलं की भोंगाच इकडेतिकडे बघायचा.

माणूस तसा साधा. कुणाच्या अध्यात ना मध्यात. घरात त्याचं मत कुणी विचारत नसे आणि विचारलं तर तो "तुम्ही म्हणाल तसं" म्हणे. लेक लग्न होऊन दूरच्या गावी गेली होती, फोनवर ती आईशी अर्धा तास बोलायची आणि शेवटी "बाबांना दे" म्हणायची, तेव्हा भोंगा "बरी आहेस ना? जेवलीस ना?" एवढं विचारून फोन परत द्यायचा. आठवड्याचे सगळे तास असे कुणाच्या लक्षात न येता निघून जायचे. राहिले ते बारा आकडे. तेवढ्या वेळात मात्र बागेतली पोरंसुद्धा झोपाळ्यावरून वळून बघायची.

वरचा सूर लावणं म्हणजे जोराने फुंकणं, असं बघणाऱ्याला वाटतं. तसं असतं तर लोहाराच्या भात्यानेही सूर लावला असता. बागेला पाणी घालताना रबरी नळीच्या तोंडाशी बोट दाबलं की धार बारीक होते आणि लांब जाते. ट्रम्पेटमध्ये ते बोटाचं काम ओठ करतात. पण मागून पाण्याला जोर नसेल तर नुसतं बोट दाबून काय उपयोग? तो जोर पोटातून यावा लागतो. भोंग्याला शिकवणारे जुने मास्तर हातात छडी घेऊनच बसायचे. "खांदे उचललेस तर छडी बसेल," ते म्हणायचे. "श्वास खाली घे. पोट भरू दे, कंबर मागून फुगू दे. आणि ओठावर दाबू नकोस. दाबून सूर मिळत नाही, रक्त मिळतं."

लग्न झालं तेव्हा भोंग्याचा सूर सात आकडेच टिकत होता. सकाळी तो जमिनीवर उताणा झोपे आणि पोटावर इस्त्री ठेवून श्वासाचा सराव करी. इस्त्री श्वासाबरोबर वर जायला हवी, आणि श्वास सोडताना हळूहळू, न हिंदकळता खाली यायला हवी. नव्या नवरीला आधी वाटलं, आपलं नशीब फुटलं. मग एकदा इस्त्री घसरून त्याच्या बरगडीवर पडली, तेव्हा ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मी धरते. तुम्ही नुसता श्वास घ्या." त्या दिवसापासून ती आकडे मोजायला लागली. सात, आठ, नऊ असं करत दीड वर्षाने बारा झाले. बारा झाले त्या दिवशी दोघांनी शेजाऱ्यांना साखर वाटली, आणि शेजाऱ्यांना वाटलं, यांच्याकडे पाळणा हलणार.

सूर लागताना गळ्याच्या शिरा टरारून फुगायच्या, कान बंद व्हायचे, आणि नवव्या-दहाव्या आकड्याला डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. खरोखरचे, पिवळे, कडेकडेने. बँडमध्ये याला कुणी त्रास मानत नसे. उलट ती खूण होती. वाजवून झालं की शेजारी बसणारा दोन नंबरचा ट्रम्पेटवाला हळूच विचारी, "दिसले का?" आणि भोंगा म्हणे, "दिसले." म्हणजे सूर पुरा लागला. ज्याला काजवे दिसले नाहीत त्याने चोरी केली, असं जुने मास्तरही मानत. एकतीस वर्षांत एकालाही वाटलं नाही, की डोळ्यांना विचारून बघावं, बाबांनो, तुम्हाला काय होतंय?

दोन महिन्यांपूर्वी बँडमास्तरांनी नवी धून बसवायला घेतली, तेव्हा भानगड उघडी पडली. जुन्या धुनी भोंग्याला पाठ होत्या. कागद समोर असायचा तो नावाला. नव्या धुनीत मात्र तो प्रत्येक ओळीचा शेवटचा तुकडा गाळत होता.

"अरे भोंग्या, ओळ संपत नाही का तुझी? उरलेलं काय मांजराने खाल्लं?" मास्तर ओरडले.

"छापलेलंच नाहीये, साहेब."

दोन नंबरने वाकून कागदावर बोट ठेवलं. छापलेलं होतं. भोंग्याने मान उजवीकडे वळवली तेव्हा ते त्याला दिसलं. मग त्याला आठवलं, की हल्ली आपण दाराच्या उजव्या चौकटीला खांदा आपटतो, आणि बायको उजवीकडून आली की दचकतो. मोतीबिंदू असेल, म्हणून तो दवाखान्यात गेला.

मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता. डॉक्टरीणबाई त्याच्या लेकीच्या वयाच्या होत्या. डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस सुकत जाते, त्यांनी समजावून सांगितलं. उजव्या डोळ्याचं बरंच गेलं आहे, डाव्याचं सुरू झालं आहे. गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळायचं. "जोर काढायचं काही काम करता का, काका? ओझी उचलणं वगैरे?"

"छे हो," भोंगा म्हणाला. "मी आपला वाजवतो."

"काय वाजवता?"

त्याने सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

त्या दिवशी भोंग्याने आयुष्यात पहिल्यांदा कुणाशी वाद घातला. वय झालं तसा आपण आळस केला, तो म्हणाला. श्वास वर घ्यायला लागलो, खांदे उचलायला लागलो, ओठावर दाबायला लागलो. चूक आपली आहे, वाद्याची नाही. पहिल्यासारखा श्वास बसवला तर दाब वाढणार नाही. "एक महिना द्या मला. मग मोजा."

"आणि महिन्याने वाढला तर?"

 बायकोनेच उत्तर दिलं. "तर बंद. मी सांगते ना तुम्हाला, बंद."

महिनाभर इस्त्री पुन्हा पोटावर चढली. तीच जुनी, लाकडी मुठीची, जड इस्त्री. कपड्यांना कधीच नवी हलकी आली होती. छप्पन्न वर्षांचा माणूस सकाळी जमिनीवर आडवा होई आणि बायको गुडघे धरत शेजारी बसून मोजे. पंधरा दिवसांत खांदे हलायचे थांबले. तीन आठवड्यांनी ओठावर गोल वळ उठेनासा झाला. थेंब तो वेळच्या वेळी घालत होता. "बघ," तो बायकोला म्हणे, "काजवेसुद्धा कमी झालेत."  मोजण्यात तिने कसूर केली नाही, पण मनातून तिला काय हवं होतं हे तिलाच धड कळत नव्हतं.

आणि म्हणून आज तो पेटी घेऊन दवाखान्यात आला होता.

आत बोलावल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्याला खुर्चीत बसवलं. त्यांच्या हातात पेनासारखं एक छोटं यंत्र होतं. ते डोळ्याला किंचित टेकवलं की दाबाचा आकडा येतो. आधी तो नुसताच बसलेला असताना त्यांनी दाब मोजला.

"एकोणीस. छान. थेंब लागू पडलेत. आता साधं काहीतरी वाजवा."

भोंग्याने मधला सूर धरला. डॉक्टरीणबाई बाजूने वाकल्या आणि उघड्या डोळ्याला यंत्र टेकवलं. "चोवीस."

"एवढं चालतं?" बायकोने विचारलं.

"एवढं चालेल. आता तो वरचा, काका. नेहमीसारखा."

भोंगा उठून उभा राहिला. मग डॉक्टरीणबाईंचा हात पोचणार नाही, म्हणून पुन्हा बसला, पण पाठ ताठ ठेवून, खुर्चीच्या कडेवर. त्याने डोळे समोरच्या भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यावर ठेवले. श्वास खाली गेला. पोट भरलं, कंबर फुगली, खांदे होते तिथेच राहिले. जुने मास्तर असते तर छडी खाली ठेवली असती.

आणि सूर लागला.

एवढ्याशा खोलीत तो मावेना. काचेच्या कपाटातल्या बाटल्या किणकिणल्या. बाहेर कुणाच्या तरी हातातून काहीतरी पडलं. पण सूर इतका मोकळा आणि गोल होता, की भोंग्याला स्वतःलाच नवल वाटलं. बागेत कधी इतका चांगला लागला नव्हता. ओठावर भार नव्हता, गळा मोकळा होता. बायको खाली जमिनीकडे बघत मोजत होती. दहाव्या आकड्याला डॉक्टरीणबाईंनी वाकून यंत्र डोळ्याला टेकवलं. बाराव्या आकड्याला त्याने सूर सोडला, न हिंदकळता.

 बाहेर त्या मघाच्या म्हाताऱ्याने टाळी वाजवली आणि बाकीच्यांनीही.

भोंगा डॉक्टरीणबाईंकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर परीक्षेत पास झालेल्या पोराचं हसू होतं. "झालं ना? बघा, खांदा हलला नाही."

डॉक्टरीणबाई यंत्राकडे बघत होत्या. "शेहेचाळीस," त्या म्हणाल्या.

"पुन्हा मोजा."

पाच मिनिटं थांबून त्यांनी तोच सूर पुन्हा लावायला सांगितला आणि तो चालू असताना मोजला. पुन्हा शेहेचाळीस.

"काहीतरी चुकलं असेल माझं," भोंगा म्हणाला. "श्वास अजून खाली घेऊन बघतो. किंवा ओठ जरा…"

"काका, तुमचं काही चुकत नाहीये." त्यांनी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसत सांगितलं. "मला गाण्यातलं कळत नाही, पण इतकं कळतं, की तुम्ही उत्तम वाजवता. वाद्याचं तोंड लहान आहे, आणि त्यातून तेवढा जोर काढायचा म्हटलं की तो डोक्यात चढतो. चांगला वाजवला तरी चढतो. उलट चांगल्या श्वासाने तुम्ही जास्त वेळ टिकता, म्हणजे दाबही जास्त वेळ राहतो."

भोंग्याने ट्रम्पेटच्या कळांवरून बोट फिरवलं. चूक असती तर त्याने ती सुधारली असती. महिना काय, वर्ष लागलं असतं तरी सुधारली असती. चूकच नाही म्हटल्यावर करायचं काय, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

 घरी आल्यावर खुर्चीत बसून म्हणाला, "एक डोळा गेला तर गेला. एक आहे ना. सुराला कुठे डोळे लागतात?"

"मला लागतात," बायको म्हणाली.

"तुझे शाबूत आहेत की."

"तुमचे लागतात मला. कळलं?" तिचा आवाज चढला, तसा तो कधी चढत नसे. "तीस वर्षं मोजत आले मी. कधी एक आकडा चुकवला? पण एक सांगते, आज सांगते. बागेत तुमचा तो सूर मी एकदाही वर बघून ऐकलेला नाही. गळ्याच्या शिरा बघवत नाहीत हो मला. दर रविवारी वाटतं, आज हा माणूस इथेच फुटणार. बारा म्हटलं की मग माझा जीव भांड्यात पडतो. लोक टाळ्या वाजवतात आणि मी चपलांकडे बघत बसते."

भोंगा तिच्याकडे बघत राहिला. "मला कधी बोलली नाहीस."

"काय बोलणार? तेवढंच तर होतं तुमचं."

ते बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि उगाच भांडी आवरायला लागली. थोड्या वेळाने तिला कपाटाचं दार वाजलेलं ऐकू आलं. भोंग्याने पेटी वरच्या फळीवर ठेवली होती आणि पेटीपुढे जुन्या चादरी रचल्या होत्या. रचताना तो रडत होता, आवाज न करता. तिने पाहिलं आणि ती मागे फिरली.

दुसऱ्या दिवशी तो बँडच्या खोलीवर गेला. मास्तर हळहळले आणि मग व्यवहारी माणसासारखे म्हणाले, "तू बँडच्या कपाटाचं, कागदपत्रांचं काम बघ. दोन वर्षं तर राहिलीत निवृत्तीला. सूर दोन नंबर लावेल."

दोन नंबर कोपऱ्यात उभा होता. वीस वर्षं भोंग्याशेजारी बसला होता आणि वीस वर्षं त्या पहिल्या खुर्चीची त्याला आशा होती, हे काही लपून राहिलेलं नव्हतं. पण आता खुर्ची मिळाली तर त्याला बसवेना.

"मी नाही लावणार तो," तो म्हणाला. "तुझा आहे तो."

"माझं राहू दे," भोंगा म्हणाला. "तुला काजवे दिसतात?"

"दिसतात ना. आठव्या आकड्यालाच."

"मग आधी डोळे दाखवून ये. उद्याच जा. काजवे म्हणजे सूर नव्हे, बाबा. आपण सगळे येडे." मग तो मास्तरांकडे वळला. "साहेब, तो सूर एक सप्तक खाली आणा. शेवट तसाही गोड होतो."

"लोकांना कळेल रे."

"लोकांना नाही कळायचं."

मास्तरांनी कागद पुढे ओढला आणि पेन्सिलीने शेवटचा सूर खाली लिहिला. भोंग्याने जुन्या सुरावरची, लांब धरायची खूण आपल्या हाताने खोडली.

रविवारी दुपारी बायकोने सवयीने गणवेश काढला, इस्त्रीच्या टेबलावर पसरला आणि मग तसाच घडी करून ठेवला. संध्याकाळी भोंगा साधा सदरा घालून तयार झाला. "जायचं ना?" त्याने विचारलं. तिला वाटलं होतं, तो नको म्हणेल.

ते दोघं गेटजवळच्या बाकावर बसले. भोंगा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बँड समोरून बघत होता. ढोलवाला फारच पोक काढून बसतो, असं तो बायकोला म्हणाला. पोरं झोपाळ्यावर होती. पहिल्या खुर्चीवर दोन नंबर अंग चोरून, अर्ध्याच खुर्चीवर बसला होता.

शेवटची धून आली. सगळे थांबले. ढोलवाल्याने काठ्या मांडीवर ठेवल्या. भोंग्याचा श्वास आपोआप खाली गेला. पोट भरलं, कंबर फुगली. शेजारी टेकलेल्या बायकोला ते कोपराला जाणवलं.

चौथऱ्यावरून खालचा सूर आला. चांगला होता, स्वच्छ होता. लोक ऐकून उठायला लागले, कुणी टाळ्या वाजवल्या, पोरांनी झोपाळे थांबवले नाहीत. सूर आठ आकड्यांवर संपला आणि बँडवाले कागद गोळा करायला लागले.

भोंग्याच्या पोटात तो श्वास तसाच भरलेला होता. त्याला जायला जागा नव्हती.

बायकोने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. आज ती चपलांकडे बघत नव्हती. "एक," ती पुटपुटली. "दोन."

त्याने ओठ आवळले आणि श्वास सोडायला सुरुवात केली, बारीक, एकसारखा. बाग रिकामी होत होती. गेटशी रखवालदार एक हात गजावर ठेवून चौथऱ्याकडे बघत उभा होता. बँडवाले खुर्च्या उचलत होते तरी तो हलत नव्हता. त्याच्या मते अजून वाजायचं बाकी होतं.

"अकरा," बायको म्हणाली. "बारा."

भोंग्याचं पोट रिकामं झालं. खांदे जागचे हलले नव्हते. बायको उठून गेटपाशी गेली.

"झालं हो आजचं," तिने रखवालदाराला सांगितलं. "लावा आता."

रखवालदाराने तिच्या खांद्यावरून बाकाकडे पाहिलं.  त्याने गेटचं एक दार ओढून लावलं आणि दुसरं त्या दोघांसाठी धरून ठेवलं. भोंगा सावकाश चालत आला. उजवीकडच्या खांबाला त्याचा खांदा लागणार, एवढ्यात बायको मध्ये आली, आणि घरापर्यंत ती त्याच बाजूने चालली.